वारा बघून उभं राहावं

रसायनांची पहिली ओळख आम्हा भावंडांना अप्पांच्या धोतराच्या वासावरून झाली. अप्पा म्हणजे आजोबा. सोलापुरातल्या एका गिरणीच्या रंगखात्यात त्यांची सगळी हयात गेली. पाळी संपवून ते घरी आले की आजी दारातच ओळखायची, आज ब्लिचिंगकडं काम होतं की हायड्रोचा डबा फोडला होता. अंगावरचे कपडे ते न्हाणीतच उतरवत आणि ते धुवायला दुसऱ्या कुणाला देत नसत. नातवंडांना मांडीवर घ्यायचं ते अंघोळ झाल्यावरच. हा नियम त्यांना कुणी लिहून दिलेला नव्हता. रंगखात्यातल्या जुन्या माणसांनी शिकवलेला होता आणि त्यांनी तो जन्मभर पाळला.

मोरारजी गोकुळदासांची गिरणी सोलापुरात १८७७ साली सुरू झाली. पुढं नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहर भोंग्यांवर उठू-झोपू लागलं. गिरण्यांचा इतिहास सांगताना आपण सूत, माग, संप, मार्शल लॉ यांबद्दल बोलतो. त्या सुताला रंग चढवण्यासाठी काय काय आणावं लागे, ते कोण वाहून आणी, कोण उतरवी, याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. मला जे ठाऊक आहे ते घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून.

आजीचे भाऊ रेल्वेत मालबाबू होते. त्यांची सगळी नोकरी मालधक्क्यावर गेली. ते सांगायचे, तेजाब, म्हणजे ॲसिड, काचेच्या मोठ्या फुगीर बरण्यांतून यायचं. बरणीभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा आणि मधल्या जागेत गच्च कोंबलेला पेंढा. तिला कार्बॉय म्हणत. कॉस्टिक सोडा पत्र्याच्या पिंपातून यायचा, आत घट्ट गठ्ठा झालेला. तो फोडताना खडा उडून डोळ्यात गेला तर डोळा गेलाच. ब्लिचिंग पावडरचा माल आला की अख्ख्या धक्क्याला त्याचा वास लागायचा. अशा मालासाठी रेल्वेकडं वेगळं पुस्तक असे, रेड टेरिफ. कोणता माल कशात बांधायचा, कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, डब्यावर कोणती चिठ्ठी लावायची, हे सगळं त्यात असे. मामाआजोबांना ते जवळजवळ पाठ होतं. "पुस्तक धक्क्यापुरतं. फाटकाच्या बाहेर गाडीवान म्हणेल तसं," असं म्हणून ते गप्प व्हायचे.

फाटकाबाहेर काय व्हायचं त्याची एक हकिकत आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली. मी जन्मायच्या कितीतरी आधीची. कुणा व्यापाऱ्याचा माल पेठेतल्या एका रंगाच्या भट्टीवर चालला होता. हातगाडीवर खाली ब्लिचिंग पावडरची पोती आणि वर तेजाबाचे कार्बॉय. एकच खेप, तेवढीच मजुरी वाचली. बोळाच्या वळणावर चाक गटारात गेलं, एक कार्बॉय कलंडला आणि फुटला. तेजाब पोत्यांवर सांडलं आणि पोत्यांतून हिरवट-पिवळा धूर निघाला. ब्लिचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. त्या दिवशी बोळातल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. बाया लेकरांना घेऊन घरात शिरल्या, दारं लावून जमिनीलगत बसल्या. काही माणसं पाण्याच्या घागरी घेऊन गाडीकडं धावली.

अप्पा त्या वेळी तिथं होते. ते ओरडत सुटले, "माळवदावर चढा! खाली बसू नका! पाणी टाकू नका!" आमच्याकडच्या जुन्या घरांना मातीची सपाट माळवदं असतात आणि वर जायला शिडी असतेच. माणसं वर चढली. धूर बोळात तळाशी साचून राहिला आणि हळूहळू उताराच्या बाजूनं सरकत गेला. गाडी ओढणारे दोघे हमाल मात्र धुराच्या मधोमध सापडले होते. त्यातला एक पुढं जगला तो खोकतच.

अप्पांना हे कुठून कळलं होतं? रंगखात्यातल्या मास्तरांकडून. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो. तो खड्ड्यात, तळघरात, गटारात उतरतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्रजवळ जर्मनांनी नळकांड्यांतून हाच वायू वाऱ्यावर सोडला, तो खंदकात उतरला आणि गोळ्यांपासून बचाव म्हणून खाली बसलेले सैनिक बसल्या जागी गुदमरले. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनच्या हिंदी पलटणींवरही तीच वेळ आली. अप्पांना इप्र माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की हा वास तळाला बसतो आणि माणसानं वर जावं, वारा जिकडून येतो तिकडं जावं.

हायड्रो हा दुसरा विषय. सोडियम हायड्रोसल्फाइट. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत, ते सुतात उतरवायला कॉस्टिक आणि हायड्रो लागतात. सोलापुरी चादरीचे पक्के रंग ज्या पद्धतीनं चढत, तिचा हा कणा. पांढरी भुकटी, दिसायला साधी. पण डब्यात थोडी ओल शिरली की ती आपोआप तापते, गंधकाचा झोंबणारा धूर सोडते आणि पेट घेते. तांब्याभर पाणी टाकलं तर आग वाढते. एक तर कोरडी वाळू टाकावी, नाही तर पाण्याचा लोंढाच सोडावा. म्हणून अप्पांच्या खात्यात हायड्रोचे डबे जमिनीवर कधीच ठेवत नसत, खाली लाकडी फळ्या असत. काढायचं माप कोरडं, हात कोरडे, झाकण लगेच बंद. पावसाळ्यात डबा उघडायचा तर आधी मास्तरांना विचारायचं.

सल्फर ब्लॅक रंगाच्या हौदांबद्दल अप्पा बोलत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. त्या रंगाला सोडियम सल्फाइड लागतं. त्याच्या सांडपाण्यात ॲसिडचं पाणी मिसळलं की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. या वायूची खोड अशी, की त्याचं प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. "वास येतोय तवर भ्या. वास गेला तर पळा," हे अप्पांचं वाक्य मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. आणि त्याच्या जोडीला दुसरं: "एक जण हौदात पडला तर दुसऱ्यानं तसंच उतरायचं नाही, वरनं दोरी टाकायची." मैलाटाक्या साफ करताना एकामागून एक उतरलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. प्रत्येक वेळी मला वाटतं, या एका वाक्यानं त्यातले निम्मे तरी वाचले असते.

पुढच्या काही दशकांत एकेका गिरणीचा भोंगा थांबला. माग थांबले नाहीत. ते साखर पेठेत, अशोक चौकाकडं, सत्तर फूट रस्त्याला, अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत पसरले. पद्मशाली विणकरांनी घराघरांत यंत्रमाग लावले, चादरीच्या जोडीला टॉवेल आला आणि माल देशाबाहेर जाऊ लागला. हा सोलापूरच्या कष्टाचा मोठा इतिहास आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण रंगखातं फुटून शंभर ठिकाणी गेलं तेव्हा कॉस्टिक, हायड्रो, ॲसिड, पेरॉक्साइड ही सगळी शंभर ठिकाणी गेली. रंगमास्तर, स्टोअरकीपर, गिरणीचा डॉक्टर हे काही शंभर ठिकाणी गेले नाहीत. फॅक्टरी कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच ती फॅक्टरी ठरे. नवरा-बायको, एक दीर आणि दोन गडी मिळून चालवतात तो कारखाना त्या व्याख्येत बसतच नसे. खाली माग, मागच्या अंगाला भट्टी, वरच्या मजल्यावर लेकरं झोपलेली. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्यांत मालकाच्या घरचे होते, कामगार होते, दीड वर्षाचं मूल होतं. ही आग रसायनाची होती असं मी म्हणत नाही. माल आणि माणसं एकाच छपराखाली राहतात तेव्हा काय होतं, ते त्या दिवशी साऱ्या शहरानं पाहिलं.

माझे मामा जलशुद्धीकरणाच्या कामावर होते. आपण रोज नळाला येणारं पाणी पितो, त्यात क्लोरीन असतो, आणि तो मोठ्या केंद्रांवर टोनरमधून येतो. टोनर म्हणजे आडवं ठेवलेलं, पिवळ्या रंगाचं, सुमारे ९०० किलो क्लोरीन मावणारं पोलादी भांडं. आत क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. मामांनी मला ते सगळं समजावलं होतं. टोनरच्या तोंडाला दोन व्हॉल्व्ह असतात. भांडं असं ठेवायचं, की एक व्हॉल्व्ह बरोबर दुसऱ्याच्या वर येईल. वरच्यातून वायू निघतो, खालच्यातून द्रव. गळती झालीच तर भांडं फिरवून गळतीची जागा वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायूच निघेल. गळती शोधायला अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला बोळा काठीला बांधून फिरवायचा. जिथं गळती असेल तिथं पांढरा धूर उठतो. आणि गळत्या जागेवर पाणी कधीच मारायचं नाही, कारण ओला क्लोरीन पोलाद खातो आणि भोक मोठं होतं. टोनरला सुमारे ७० अंशांना वितळणारे मिश्रधातूचे प्लग बसवलेले असतात. सोलापूरचा मे महिना ४३-४४ अंशांचा, उन्हात तापलेला पत्रा त्याहून किती तरी वर जातो. म्हणून टोनरवर छप्पर पाहिजेच. हे सांगताना मामा वर बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "पत्र्याला भोक पडलं तर मी साहेबाकडं आधी जातो, पगार नंतर मागतो."

अशा भांड्यांना दर दोन वर्षांनी दाबाची चाचणी द्यावी लागते. बेवारस पडलेल्या भांड्यांचं काय होतं ते मुंबईनं १४ जुलै २०१० रोजी पाहिलं. शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीनचे जुने सिलिंडर वर्षानुवर्षं पडून होते. पावसानं गंजलेल्या एकाला गळती लागली आणि शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांत मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवान होते, जवळच्या संस्थेत शिकणारी मुलं होती.

आता रस्त्याकडं येतो, कारण सोलापूर हे रस्त्यांचं गाव आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारा महामार्ग, जुना ९ क्रमांकाचा आणि आताचा ६५, आमच्या शहराला लागून जातो. मुंबई, तळोजा आणि गुजरातकडून निघालेले टँकर हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या औषध कारखान्यांकडं याच रस्त्यानं जातात. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. मिथेनॉल आणि अमोनियापासून मिथाइल अमाइन्स बनवणारा आणि औषधांना लागणारा माल पुरवणारा हा उद्योग सोलापूरकरांनी उभा केला. म्हणजे अमोनिया आणि मिथेनॉल हे आता आमच्या रस्त्यांवरचे नेहमीचे प्रवासी. त्यांच्याशी ओळख असायलाच हवी.

शेजारचे एक काका जन्मभर ट्रक चालवत होते. १९८७ च्या दिवाळीच्या सुमाराची कवठ्याची हकिकत मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली, नंतर न्यायालयाच्या निकालात वाचली. २९ ऑक्टोबर १९८७, पहाटे तीन. पुण्याकडून बंगळूरकडं निघालेल्या पेट्रोलच्या टँकरला कवठे गावाजवळ समोरून येणाऱ्या कांद्याच्या ट्रकची धडक बसली. टँकर रस्त्यापासून वीसेक फुटांवर जाऊन डाव्या अंगावर पडला. पेट्रोल गळत राहिलं आणि सखल जागेत साचत राहिलं. उजाडलं तशी गावची माणसं जमली. सव्वासात वाजता स्फोट झाला. कितीतरी जण भाजले, काही दगावले.

मृतांच्या घरच्यांनी भरपाई मागितली तेव्हा वाद निघाला, की अपघात तीन वाजता झाला आणि स्फोट सव्वासातला, तेव्हा टँकर चालत नव्हता, मग हा मोटारीच्या वापरातून झालेला मृत्यू कसा? सर्वोच्च न्यायालयानं जुलै १९९१ मध्ये निकाल दिला. आडवा पडलेला, गळणारा टँकरही वापरातच आहे आणि स्फोटाचा संबंध धडकेशी आहे. कोणाची चूक ते न बघता द्यायची तेव्हाची भरपाई होती १५,००० रुपये. देशभरच्या न्यायालयांत आजही तो निकाल आधाराला घेतात. मला त्यातलं दुसरंच काही सलतं. तीन ते सव्वासात, सव्वाचार तास. एवढ्या वेळात त्या गावाला कुणी काहीच सांगितलं नाही. त्या टँकरजवळ काय करू नये, हे सांगणारा एक माणूस तिथं असता तर ती माणसं घरी गेली असती.

भोपाळच्या २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्रीनंतर देश जागा झाला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती देण्याची सक्ती आली, आणि १९८९ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या वाहतुकीची कलमं आली. मी ती वाचली तेव्हा मला मामाआजोबा आठवले. त्यांचं पुस्तक धक्क्याच्या फाटकाशी संपत होतं. या नियमांनी ते गाडीवर चढवलं.

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागं एक फलक असला पाहिजे. त्यावर मालाचं नेमकं तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक किमान १०० मिलिमीटरच्या आकड्यांत, धोक्याचं चौकोनी चिन्ह, आणि संकटात कुणाला फोन करायचा तो नंबर. क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, मिथेनॉल १२३०, गंधकाम्ल १८३०. हे क्रमांक जगभर तेच असतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड हवं. माल कोणता, गळला तर काय करायचं, अंगावर पडला तर काय करायचं, हे त्यात असतं. माल पाठवणाऱ्यानं ही माहिती गाडीमालकाला द्यायची, गाडीमालकानं ड्रायव्हरला समजावून सांगायची. ड्रायव्हरनं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं हवं, त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. गाडी उभी केली तर सुरक्षित जागी, आणि अठरा वर्षांवरच्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली. हे शेवटचं कलम अनेकांना किरकोळ वाटतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. हा माल नजरेआड झाला की कुठं पोचतो, हे ज्यांना कळलं त्यांनीच ते कलम लिहिलं असणार.

नियम चांगले आहेत. मी ते मनापासून म्हणतो. अप्पा ज्या गोष्टी ओरडून सांगत होते, त्याच त्यांत कागदावर आल्या आहेत. पण टँकरमधून उतरलेला माल पिंपात जातो, पिंपातला डब्यात, डबा टेम्पोत, टेम्पो बोळात, आणि प्रत्येक टप्प्यावर माहिती गळत जाते. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्याच दुसऱ्या नियमांनी प्रत्येक भांड्यावर नाव-माहितीची चिठ्ठी आणि सोबत सुरक्षा माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे. बहुतेकदा ते इंग्रजीत असतं. आमच्या भट्ट्यांवर काम करणारी माणसं तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलतात. त्यांच्या भाषेतलं एक पान डब्याला चिकटवायला किती खर्च येईल? हे काम व्यापाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या संघटनांनी केलं पाहिजे आणि ते एका महिन्यात होण्यासारखं आहे.

तोवर, वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. कलंडलेला टँकर दिसला तर जवळ जाऊ नका, डबे-कॅन घेऊन धावणाऱ्यांना थांबवा. टँकरकडं तोंड केलं तर वारा तुमच्या पाठीवर लागेल अशा बाजूला आणि उंचावर उभे राहा. विडी, काडी, मोबाइलचं चित्रीकरण, काही नको. लांबूनच फलकावरचा चार आकडी क्रमांक वाचता आला तर वाचा, ११२ ला फोन करून जागा आणि तो क्रमांक सांगा. आणि तुमची स्वतःची भट्टी किंवा कारखाना असेल, तर पुढच्या खेपेला बिलासोबत माहितीपत्रक मागा. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एका टेम्पोत आली असेल, तर माल न उतरवता परत पाठवा.